आडवा टहाळ

१

शनिवारची न्याहारी झाली की बुधा खुंटीवरचा कोयता काढायचा, धारेवरून अंगठा फिरवायचा आणि बायकोला, भागीबाईला सांगायचा, "वाट बघून येतो."

म्हणजे धरणाच्या कडेकडेनं जाणारी सगळी पायवाट तो पायाखालून घालायचा. आत आलेली करवंदीची फांदी छाटायची, घसरलेला दगड बाजूला लोटायचा. नाशिकची माणसं रविवारी फिरायला येऊ लागली त्याला चार-पाच वर्षं झाली होती. आधी पायी यायची, मग सायकली आणू लागली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला असलेला मनोज त्यांचा म्होरक्या. त्यानंच पहिल्या वर्षी बुधाला विचारलं होतं, "बाबा, इथं इतके फाटे फुटतात. आमची माणसं चुकतात. दगडांवर चुन्याचे बाण काढाल का?"

"बाण कशाला?" बुधा म्हणाला होता. "आमी टहाळ टाकतो."

डोंगरातली ही जुनी रीत. दहा-वीस माणसं मागंपुढं चालली असली की पुढचा माणूस फाट्यावर थांबतो, झाडाचा एक टहाळ तोडतो आणि जायचं नाही त्या वाटेवर आडवा टाकतो. बुडखा चालत्या वाटेकडं, पानं बंद वाटेकडं. मागच्याला विचारायला नको, हाका मारायला नकोत. आणि सगळ्यांत शेवटी जो येईल त्यानं तो टहाळ उचलायचा, मधोमध मोडायचा आणि वाटेच्या उजव्या अंगाला ठेवायचा. म्हणजे सगळे आले, मागं कोणी राहिलं नाही. वाट उगाच बंद ठेवायची नसते.

शहरातल्या माणसांना हे फार आवडलं. "टहाळ दिसला की तिकडं जायचं नाही," असं ती एकमेकांना शिकवायची. रविवारी सायकली पुढं निघून गेल्या की बुधा आपला हळूहळू मागून चालायचा आणि एकेक टहाळ मोडून उजवीकडं ठेवायचा. सगळे आले.

सगळे फाटे मिळून अकरा. त्यातल्या दहांवर कोणी चुकला तर फार तर शेतात नाहीतर गोठ्याशी जाऊन थांबेल. अकरावा जांभळीचा फाटा. तिथून वर जाते ती नवी वाट, अरुंद, दगडगोट्यांची. आणि खाली उतरतो तो मोहवाडीचा जुना रस्ता, बैलगाडीचा, रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना दगडी कठडे बांधलेला. नवख्या माणसाला तोच खरा वाटतो. तीनशे पावलं तो तसाच सरळ जातो आणि मग तितकाच सरळ पाण्याखाली शिरतो.

मोहवाडी त्या पाण्याखाली आहे. बुधाचं घरही.

२

२००३ सालचा डिसेंबर. रविवारी तांबडं फुटताना बुधा घरून निघाला. वस्तीवरून उतरून तो जांभळीच्या फाट्यावर आला, तर टहाळ जागेवर नव्हता.

आदल्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं आपट्याचा चांगला हातभर टहाळ टाकला होता. तो आता बाजूला होता. मधोमध मोडलेला, दोन्ही तुकडे एकाशेजारी एक.

बुधाला आधी काहीच वाटलं नाही. कोणी पहाटे गेलं असेल. त्यानं दुसरा टहाळ तोडून टाकला आणि धरणाच्या भिंतीकडं चालू लागला. पंधरा-वीस पावलं गेला आणि थांबला. मागं फिरून पुन्हा पाहिलं.

तुकडे वाटेच्या डाव्या अंगाला ठेवलेले होते.

दुपारी सावळीराम शेळ्या घेऊन भेटला. बुधाच्याच वयाचा, मोहवाडीतला जुना शेजारी.

"पहाटं तू गेलास का रं जांभळीवरून?"

"मी? पहाटं? माझी म्हातारी मला गोधडीतून उठू देती व्हय?"

"मग तुझ्या शेळ्यांनी टहाळ काढला माझा."

सावळीराम हसला. "शेळी आपटा खाईल लेका. मोडून, जोडीनं मांडून ठेवायची शिस्त तिला असती तर मी तिला शाळेत नसतं का घातलं?"

बुधाही हसला. पण घरी येईपर्यंत तो एकच गोष्ट मनात घोळवत राहिला. या डोंगरात टहाळ मोडून डावीकडं ठेवणारा एकच माणूस त्याला ठाऊक होता.

३

बुधाचा धाकटा भाऊ चिमाजी डावरा होता. बुधाहून अठरा वर्षांनी लहान. आई त्याला दोन वर्षांचा ठेवून गेली, तेव्हापासून बुधानं त्याला खांद्यावर वाढवला आणि भागीबाई घरात आली तेव्हापासून तिनं. तो कोयता डाव्या हातात धरायचा, गोफण डाव्या हातानं फिरवायचा आणि टहाळ मोडला की डावीकडं ठेवायचा. बुधा रागवायचा. "उजवीकडं ठेव रं, लोक काय म्हणतील?" तो म्हणायचा, "दादा, मोडलेला टहाळ मोडलेला. त्याला कसली उजवी-डावी?"

मोठा झाल्यावर तो घोटीच्या भातगिरणीत कामाला लागला आणि त्यानं एक जुनी काळी सायकल घेतली. मोहवाडीतली पहिली सायकल. जुना रस्ता तेव्हा जागता होता. दोन्ही बाजूंना आंबे, मधे ओढ्यावरची फरशी, पुढं म्हसोबा, मग गावातलं पहिलं घर. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला चिमाजी उतारावरून पायडल न मारता सुटायचा. त्याच्या सदऱ्याला गिरणीतल्या कोंड्याचा वास यायचा. बुधाला आजही भाताचा कोंडा हुंगला की डोळ्यांपुढं तो उतार येतो.

सायकलीच्या घंटीची टोपी कुठंशी पडून हरवली होती. नुसती दाबली की खट्ट वाजायची. एक दिवस चिमाजीनं भागीबाईच्या फडताळातून एक स्टीलची वाटी उचलली, तिला मधे खिळ्यानं भोक पाडलं आणि घंटीवर बसवली. वाजवली. टण्ण. ताटावर चमचा आपटावा तसा आवाज. सगळ्या गावाला कळायचं, चिमाजी आला.

भागीबाईच्या त्या लग्नातल्या सहा वाट्या. ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहायची.

"भाऊजी, माझी वाटी!"

"वैनी, तुमची वाटी घोटीपतुर जाऊन येती. तुमी तरी गेलात का?"

"बघा बघा तोंड! एक दिस वाटी आणल्याबिगर घरात पाय ठेवू देणार नाय."

"मग दारातच जेवीन."

रोजचं होतं ते. जेवण वाढता वाढता आणि हसता हसता चाललेलं. त्या वाट्यांपैकी पाच अजून भागीबाईच्या फडताळात आहेत. ती त्या दर दिवाळीला राखेनं घासते आणि सहाव्या वाटीची जागा मोकळी ठेवून मांडते.

४

१९९१ च्या श्रावणात धरणाचं पाणी चढलं. गावातल्या खालच्या घरांना लागलं त्या दिवशी उरलेली सगळी घरं निघाली. सकाळी चिमाजीनं सायकलीवर हंडेकळशा बांधून नव्या वस्तीवर नेल्या आणि तो तसाच खाली येऊन घोटीला कामावर गेला. "आज पगार वाटणार हायेत," म्हणाला, "सांजच्याला येतो."

भागीबाई सामान बांधत होती. पदर खोचलेला, डोळे सुजलेले. तरी तिनं हाक दिली, "आज नव्या घरी वाटी घेऊन या हां भाऊजी. नायतर पाय ठेवायचा नाय सांगते!" चिमाजीनं न वळता घंटी वाजवली. टण्ण.

दुपारी गाव निघालं. बुधा पुढं. जांभळीवर त्यानं जुन्या रस्त्यावर टहाळ टाकला, कारण म्हाताऱ्या गाई सवयीनं खाली वळत होत्या. सगळी माणसं, जनावरं वर लावून तो पुन्हा फाट्यावर आला. दिवस कलला होता. रीतीप्रमाणं शेवटचा तोच. कोणी राहिलं का, एवढंच पाहायचं होतं.

तेव्हा त्याला नव्या वाटेच्या कडेला, जनावरांनी न तुडवलेल्या चिखलात चाकाची रेघ दिसली. वर जाणारी. चिमाजीच्या मागच्या टायरला एक चीर होती. चांभाराकडून त्यानं तिच्यावर चामड्याचा तुकडा शिवून घेतला होता. त्यामुळं रेघेत दर पाचेक हातांवर एक चौकोनी ठसा उमटायचा. ठसा दिसत होता. चिमा वर गेला तर, बुधाला वाटलं. लवकर सुटला असेल.

रेघ सकाळची होती. हंडेकळशांची. वाकून बोट लावलं असतं तर कळलं असतं, रेघेच्या कडा सुकल्या होत्या. जन्मभर जनावरांचे माग काढलेला माणूस तो. पण त्या दिवशी घर सोडून आला होता, वाकला नाही.

त्यानं टहाळ उचलला, मोडला, उजवीकडं ठेवला. सगळे आले.

अंधार पडता पडता पाऊस आला. सकाळी तो धावत फाट्यावर गेला तेव्हा दुसरी रेघ दिसली. ठशाठशाची. घोटीकडून आलेली, जुन्या रस्त्याला वळलेली, सरळ पाण्यात गेलेली. उतारावरून पायडल न मारता.

सायकल सापडली नाही. चिमाजीही नाही. लोक म्हणाले, सवयीनं गेला बिचारा. टहाळ उचलल्याचं बुधानं कोणालाच सांगितलं नाही. भागीबाईलाही नाही. बारा वर्षं.

५

पुढच्या शनिवारी त्यानं मनगटाएवढी जाड फांदी टाकली आणि तिच्यावर चार दगड ठेवले. रविवारी उजाडताना दगड कठड्यावर ओळीनं मांडलेले होते. फांदी मोडलेली. कोयत्याचा घाव नव्हता. पिळून मोडली होती, साल लोंबत होती. डावीकडं.

बुधानं आणखी एक फांदी तोडून टाकली. मग तो धरणाच्या भिंतीशी गेला. सायकलवाले आले होते, पंधरा-सोळा. चहा झाला. मनोजची बायको ज्योत्स्ना नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढं. पाण्यावरून धुकं उठत होतं.

"बाबा, आज जांभळीपाशी थांबतो, फोटो काढू," मनोज म्हणाला.

सायकली गेल्या. बुधा मागून निघाला. अर्ध्या वाटेवर असताना त्याला पुढून ओरडा ऐकू आला आणि साठ वर्षांचा तो माणूस पळत सुटला.

फाट्यावर सगळे थांबले होते. जुन्या रस्त्यावरून मनोज ज्योत्स्नाला हाताला धरून वर आणत होता. तिचे बूट ओले होते, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. सायकलीचं पुढचं चाक निथळत होतं.

"अगं, टहाळाचं काय ठरलंय आपलं?" मनोज चिडला होता, पण आवाज कापत होता.

"टहाळ नव्हता! विचार बाबांना."

नव्हता. तासाभरापूर्वी टाकलेली फांदी मोडून डावीकडं पडली होती.

ज्योत्स्ना कठड्यावर बसली. बुधानं तिच्यापुढं पाण्याची बाटली धरली.

"आणि पुढं कोणीतरी होतं ना," ती म्हणाली. "मी त्याच्याच मागं चालले होते."

"पुढं कोण असणार?" मनोज म्हणाला. "पहिली तूच होतीस."

"धुक्यात पाठ दिसत होती. सायकलवर. पायडल मारत नव्हता, नुसता सुटला होता उतारावर. घंटी वाजवत होता सारखी." तिनं ओला बूट काढला. "घंटी पण कशी, ताटावर चमचा मारल्यासारखी."

बाटली बुधाच्या हातून सुटली आणि उतारावरून घरंगळत पाण्याकडं गेली. कोणी ती आणायला गेलं नाही.

६

"पुढच्या रविवारी नको," बुधानं मनोजला सांगितलं.

"बाबा, संक्रांतीच्या आधीची मोठी फेरी आहे. चाळीस जण येतायत. नाशिक रोडपासून पत्रकं लावली आहेत."

"मग या फाट्यावरून नको."

"दुसरी वाट कुठाय? एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी." मनोजनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ज्योत्स्ना दमली होती, धुकं होतं. भास झाला असेल. तुम्ही तिथं काटे लावा ना जरा."

बुधाला हेच हवं होतं. कोणीतरी भास म्हणायला हवं होतं. तीन दिवस तो स्वतःला तेच सांगत राहिला. माकडं फांद्या मोडतात. गुराख्याची पोरं खोड्या काढतात. धुक्यात माणसाला झाडाचीही पाठ दिसते. पण घंटीचा आवाज त्या पोरीला कोणी सांगितला, इथं आलं की त्याचं सांगणं संपायचं.

शनिवारी त्यानं बोराटीचे काटे आणून जुन्या रस्त्यावर कठड्यापासून कठड्यापर्यंत कमरेएवढं कुंपण घातलं. हात रक्तबंबाळ झाले. घरी आल्यावर भागीबाईनं कोमट पाण्यानं ते धुतले, हळद लावली.

"कुणाला अडवताय एवढं?"

"शहरातली माणसं. चुकतात."

ती बोटांतला एक काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी नाय चुकायचे. डोळे मिटून यायचे. त्या दिवशी कसं काय चुकले, मला अजून उमगत नाय. तुमी टहाळ टाकला व्हता ना?"

"टाकला व्हता," बुधा म्हणाला.

ते खरं होतं. फडताळातल्या पाच वाट्यांकडं बघत बुधा बराच वेळ बसून राहिला. चाळीस माणसं येणार होती. कोणाचा भाऊ, कोणाची वहिनी. धुकं पडणार होतं.

७

रविवारी तो उजाडायच्या आधीच फाट्यावर गेला. काटे डाव्या अंगाला रचून ठेवले होते, एकावर एक, सरपणाची मोळी रचावी तसे नीट. जुना रस्ता मोकळा होता. ओल्या मातीत ठशाठशाची रेघ होती. पाण्यातून वर आलेली.

बुधानं आपट्याचा टहाळ तोडला, रस्त्यावर आडवा टाकला आणि त्याच्या बुडख्याशी स्वतःच बसला. घोंगडी अंगावर घेतली. आज तो धरणाच्या भिंतीकडं गेला नाही.

धुकं इतकं दाट की जांभळीचा शेंडा दिसेना. खाली पाणी दगडांना लागून चुबुक चुबुक वाजत होतं. मग सायकली आल्या. एकेक दिवा, एकेक माणूस. "राम राम बाबा!" "बाबा, चहा प्यायलात का?" बुधा हातानं वर दाखवायचा. वर. वरच्या वाटेनं. ज्योत्स्ना आली, उतरली, त्याच्या पायांना हात लावून गेली. एकजणही खाली वळला नाही.

सगळ्यांत शेवटी मनोज.

"झालं बाबा. मी शेवटचा. सगळे आले." तो थांबला. "उचला टहाळ. चला आता, वर पोहे आहेत."

बुधाचा हात टहाळाकडं गेला. पन्नास वर्षांची सवय. बोटं बुडख्याला लागली आणि तिथंच राहिली.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "अजून एकजण यायचाय."

"कोण? यादी माझ्याकडे आहे."

"तुझ्या यादीतला नाय."

मनोजनं त्याच्याकडं पाहिलं, मग मागच्या धुक्याकडं पाहिलं. पायडल मारून गेला. त्याच्या चाकांचा आवाज दगडांवरून वर वर गेला आणि विरला.

आता पाण्याचाही आवाज थांबला होता. बुधाला आपला श्वास ऐकू येत होता. कोणी नाही, त्याचं शहाणं मन म्हणालं. उठ, म्हाताऱ्या. थंडी बाधेल.

घोटीच्या अंगानं आवाज आला. टण्ण.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, जवळ. टण्ण. साखळीची करकर. ओल्या मातीवरून चाक येत असल्याचा आवाज. बुधानं मान खाली घातली. त्याला वर बघवेना. चाक त्याच्या समोर येऊन थांबलं. गंजून तांबडं झालेलं, आऱ्यांत शेवाळ अडकलेलं. मडगार्डावरून पाणी थेंब थेंब गळत होतं. पायडलवर एक पाऊल होतं, अनवाणी. दिवसभर भाताच्या खाचरात उभं राहिल्यावर होतात तशी बोटं पांढरी, सुरकुतलेली. करंगळीवर विळ्याचा जुना वण. तो विळा बुधाचाच होता. पोर तेव्हा सात वर्षांचं होतं आणि बुधानंच ते बोट तोंडात धरून रक्त थांबवलं होतं.

कोंड्याचा वास आला.

"चिमा," बुधा म्हणाला. "टहाळ आडवा हाय बघ. खालची वाट बंद हाय. वरच्या वाटेनं जा."

चाक हललं नाही. थेंब पडत राहिले.

"त्या दिशी मीच उचलला रं टहाळ. रेघ बघितली, वाटलं तू वर गेलास. वाकून नाय बघितलं मी. तू मागं व्हतास आन मी वाट मोकळी केली." तो रडत होता आणि घोंगडीनं तोंड पुसत होता. "वैनीला सांगितलं नाय. कुणालाच नाय. आता जा. घरी जा बाबा."

पायडलवरचं पाऊल वळलं. चाक फिरलं. जुन्या रस्त्याकडं नाही, वर. दगडांवरून करकर करत गेलं आणि वळणावर एकदा वाजलं. टण्ण.

बुधा उठला. टहाळ उचलला, मधोमध मोडला आणि उजव्या अंगाला ठेवला.

८

धुकं वितळलं तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. बारा वर्षांत वाटलं नव्हतं तसं. तो हळूहळू नव्या वाटेनं चढू लागला. मातीत चाळीस सायकलींच्या रेघा होत्या, एकमेकींत गुंतलेल्या. त्या सगळ्यांच्या वरून एक रेघ गेली होती. दर पाचेक हातांवर चौकोनी ठसा. तो आज वाकला. बोट लावलं. ओली होती.

डोंगराच्या खांद्यावर सायकलींच्या रेघा पोह्यांसाठी देवळाकडं वळल्या. ठशाची रेघ वळली नाही. ती सरळ वस्तीकडं गेली. सावळीरामच्या गोठ्यावरून, हापशावरून, बुधाच्या अंगणात. तुळशीला वळसा घालून उंबऱ्याशी.

तिथं संपली. परत येणारी रेघ नव्हती. बुधानं अंगण दोनदा बघितलं. सायकलही नव्हती.

उन्हं चांगली वर आली होती. शेजारच्या कोंबड्या अंगणात यायच्या, त्या आज कुंपणाबाहेर उभ्या होत्या.

उंबऱ्यावर स्टीलची वाटी होती. काळी पडलेली, मधे भोक पाडलेली. ती पालथी होती आणि तिच्याखालून पाण्याचा ओघळ निघून उंबऱ्यावरून आत गेला होता.

घरातून भांड्यांचा आवाज येत होता. आणि हसणं. भागीबाई हसत होती, कमरेवर हात ठेवून मोहवाडीच्या दारात हसायची तशी. बुधाला ते हसणं ओळखायला वेळ लागला, इतक्या वर्षांनी आलं होतं.

"आलात का?" ती आतून म्हणाली. "हातपाय धुवा. भात झालाय. बघा, आणली शेवटी वाटी."

"कोणी?" बुधानं विचारलं. विचारायचं म्हणून.

ताट मांडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग तिसरं.

तो उंबऱ्यात उभा राहिला. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळं आत आधी काहीच दिसेना. मग चुलीचा जाळ दिसला, मग तीन पाट. भिंतीकडच्या पाटाचं लाकूड ओलं होऊन काळं पडलं होतं, आणि त्याच्या भोवतीची सारवलेली जमीन हळूहळू गडद होत चालली होती. ओल पसरत पसरत भागीबाईच्या पायांपर्यंत गेली होती. तिचं लक्ष नव्हतं. ती त्या ताटात भात वाढत होती. वाढून झाल्यावर तिनं सवयीनं पळी डाव्या बाजूला ठेवली, डाव्या हाताला सापडेल अशी.

बुधानं वाटी उचलली. बर्फासारखी गार होती. त्यानं ती सदऱ्याच्या टोकानं पुसली, फडताळापाशी गेला आणि पाच वाट्यांच्या शेजारी मोकळ्या जागेवर ठेवली.

"सगळे आले ना?" भागीबाई म्हणाली. "मग दार लावून घ्या. गार वारं येतंय पाण्यावरून."

बुधानं भिंतीकडच्या पाटाकडं पाहिलं नाही. पण त्याचा हात आपसूक डोकं कुरवाळायला जावा तसा त्या बाजूला थोडा उचलला गेला, आणि त्यानं तो मागं घेतला.

मग त्यानं दार लावलं आणि तो जेवायला बसला.